सतरा नंबरची बॅच

एका जंगलात, जिथे पूर्वी नुसतीच झाडं होती, तिथे बिअरचा कारखाना निघाला. बिअर म्हणजे काय, असं विचारू नका, बाळांनो. पिवळं, कडू, फेसाळ पाणी असतं. मोठी मंडळी ते पितात आणि आपण किती मोठे आहोत ते एकमेकांना सांगत बसतात.

कारखाना अप्पासाहेब अस्वलांचा. गोदाम मात्र म्हाळसाबाईंचं. म्हाळसाबाई जातीच्या साळिंदर. काटे सगळे अंगावर, बोलण्यात एकही नाही.

भरलेल्या बाटल्या त्या लगेच बाहेर सोडत नसत. दहा दिवस गोदामात ठेवायच्या. मधूनमधून एखादी उघडून वास घ्यायच्या, फेस बघायच्या. कारण बिअर पुरती आंबायच्या आधीच बाटलीत भरली, तर ती आतल्या आत आंबत राहते. वायू साठत जातो. आणि एक दिवस बाटली फुटते. अशाच एका बाटलीनं म्हाळसाबाईंचा डावा डोळा नेला होता.

थांबवलेल्या खोक्यांना त्या सुतळी बांधायच्या आणि सुतळीला लाल चिंधी. पण विक्री बघणारे बापूराव कोल्हे चिंधी सोडायचे, खोकी न्यायचे आणि चिंधी पुन्हा नीट बांधून ठेवायचे. कोल्हा झाला तरी शिस्तीचा.

मग एके दिवशी शहराकडच्या जंगलातून एक वानर आलं. लॅपटॉप घेऊन.

"आता सुतळी नको नि चिंधी नको," वानर म्हणालं. "बाटल्या भरल्या की अख्खी बॅच आपोआप होल्डवर जाणार. पडद्यावर लाल दिसणार. तपासणीत पास झाली की हिरवी. लाल बॅचचा गेटपास निघणारच नाही. कुणी कितीही डोकं आपटलं तरी!"

"कोल्ह्यानं आपटलं तरी?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"वाघानं आपटलं तरी."

म्हाळसाबाई इतक्या हरखल्या की त्यांनी वानराला घरी जेवायला बोलावलं. एका डोळ्यानं आणि एका नखानं त्या टाइप करायला शिकल्या. महिनाभर बापूराव लाल पडद्यासमोर येरझाऱ्या घालत राहिले आणि म्हाळसाबाईंना छान झोप लागली.

अशात वाघमहाराजांच्या मुलीचं लग्न ठरलं. कारखान्याला चारशे खोक्यांची ऑर्डर आली. दिवस थोडे होते. अप्पासाहेबांनी घाईघाईनं बाटल्या भरून घेतल्या. ती सतरा नंबरची बॅच.

चौथ्या दिवशी म्हाळसाबाईंनी त्यातली एक बाटली उघडली. बूच आढ्याला लागलं. मागोमाग फेसही. म्हाळसाबाईंनी अंग पुसलं आणि संगणकात लिहिलं : 'नापास. वायू जास्त. बाटल्या फुटतील.'

अप्पासाहेबांनी वानराला बोलावलं. "लग्न परवा आहे. आता काय करायचं?"

"त्यात काय!" वानर म्हणालं. "मालकांसाठी वेगळं बटण आहे. दाबलं की होल्ड उठतो. फक्त कारण लिहावं लागतं. कारणाशिवाय सॉफ्टवेअर कुणाचं ऐकत नाही. फार कडक आहे."

अप्पासाहेबांनी कारण लिहिलं : 'लग्न.'

सॉफ्टवेअरला पटलं. पडदा हिरवा झाला.

म्हाळसाबाई धावत आल्या. "अप्पासाहेब, ही बॅच जाऊ देऊ नका. मंडपात लेकरं असतील."

"म्हाळसाबाई, पडद्यावर काय दिसतंय?"

"हिरवं. पण बाटलीत..."

"मी बाटलीचं विचारलं नाही."

लग्नाच्या दिवशी सकाळीच खोकी गेली. म्हाळसाबाई दारात नुसत्या उभ्या राहिल्या. गाडी वळणाआड गेली, तशी त्यांना एकाएकी आपला डावा डोळा आठवला. त्यांनी गोदामाला कुलूप लावलं आणि आडवाटेनं मंडप गाठला.

चुलाण्यापाशी एक म्हातारी रानडुकरीण भात उपसत होती. म्हाळसाबाईंनी तिला सगळं सांगितलं.

"पुरावा काय?" आचारणीनं विचारलं.

म्हाळसाबाईंनी तिला आपला चेहरा दाखवला. आचारणीनं झारा खाली ठेवला.

दोघींनी मिळून खोकी ओढली, ओढ्याकाठच्या खड्ड्यात ठेवली, वर ओली पोती टाकली. साडेतीनशे खोकी हलली. म्हाळसाबाईंचे निम्मे काटे मोडले. उरलेली पन्नास उन्हात, मंडपाच्या दाराशी होती. तिकडे जाईपर्यंत अक्षता पडल्या.

पहिली बाटली फुटली तेव्हा पाहुण्यांना वाटलं, फटाके. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दहावी फुटली तेव्हा पळापळ झाली. एका हरणीच्या पायात काच घुसली. तीन मोरांचे पिसारे गेले. नवरी बचावली. खड्ड्यातून मात्र संध्याकाळपर्यंत नुसते दबके आवाज येत होते.

वाघमहाराजांनी चौकशी नेमली. न्यायाधीश घुबड. त्यांनी संगणकातली एकूण एक नोंद वाचली.

अप्पासाहेब म्हणाले, "पडदा हिरवा होता."

बापूराव म्हणाले, "मी तर हिरवा पडदा बघूनच माल उचलला."

वानर म्हणालं, "कारण भरलेलं होतं. सॉफ्टवेअरनं आपलं काम केलं."

मग घुबडानं निकाल वाचला : 'बाटल्या फुटणार हे संपूर्ण कारखान्यात फक्त एकाच व्यक्तीला माहीत होतं, असं तिच्याच हस्ते केलेल्या नोंदीवरून सिद्ध होतं. सदर व्यक्ती, काही काम नसताना, स्फोटाच्या वेळी मंडपात हजर होती. साडेतीनशे खोकी तिनं लपवल्याचंही आढळलं. सबब म्हाळसाबाई साळिंदर यांना कामावरून कमी करण्यात यावं.'

"काही म्हणायचंय?" घुबडानं विचारलं.

"त्या हरणीचा पाय बरा आहे का?"

"ते चौकशीच्या कक्षेत येत नाही," घुबड म्हणालं आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

गोदामावर आता एक कासव बसतं. मान कवचाबाहेर काढत नाही, बाटली उघडून बघत नाही. त्यामुळे कारखान्यात त्यानंतर एकही बॅच नापास झालेली नाही. यंदा अप्पासाहेबांना सुरक्षिततेची ढाल मिळाली. हार वाघमहाराजांनी घातला, जरा लांबूनच.

तात्पर्य : धोका दिसला तर मुलांनो, बेधडक ओरडावं, धावावं, जमेल तेवढ्यांना वाचवावं. फक्त तो दिसला होता, असं कुठे लिहून ठेवू नये.