चेनचा शेवटचा इंच

रविवारी सकाळी आठ वाजता बेल वाजते. दार उघडलं की समोर एक माणूस माझ्याकडे पाठ करून उभा. गळ्यापासून पायापर्यंत काळा जाड रबरी सूट, आणि पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत उघडी चेन. आतलं बनियन दिसतंय. माणूस वळत नाही, गुड मॉर्निंग नाही, काही नाही. नुसतं म्हणतो, "ओढ."

हे आमचे खानोलकरकाका. सिंगापूरला, क्लेमेंटी भागात मी एका फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन राहते, त्याला लागून यांचा फ्लॅट. एकटेच असतात. वय त्रेसष्ट. जन्म जहाजांवर इंजिनियर म्हणून गेला, आता इथेच एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात. आणि छंद काय, तर थंड समुद्रात बुडालेली जहाजं खाली उतरून बघणं! सिंगापूरमध्ये थंड पाणी फक्त फ्रीजमध्ये असतं हे त्यांनाही माहीत आहे. म्हणूनच तर सगळा खेळ.

हा सूट म्हणजे ड्रायसूट. बाहेर बर्फासारखं पाणी, आत माणूस कोरडा. फक्त त्याची चेन पाठीवर असते आणि ती स्वतःची स्वतःला लावता येत नाही. मी ओढायची, मग काका म्हणणार, "शेवटचा इंच. सगळे तिथेच फसतात." मी पुन्हा ओढायची. मग पाठीवर दोन थापा मारायच्या. दोन थापा म्हणजे बंद झालं, निघा. एक थाप चालत नाही. एकदा मी घाईत एकच मारली तर पाच मिनिटं तसेच उभे!

मग काका घरी जाऊन, एकतीस डिग्रीत तो सूट घालून, टबात बर्फ ओतून त्यात हातमोज्यांसकट हात बुडवून बसतात. डोळे मिटून बक्कल लावायचं, काढायचं. बोटं बधिर झाली तरी जमलं पाहिजे. घाम इतका की बूट काढले की आतून ओतावा लागतो. समोरच्या चिनी आँटीने एकदा दारातून बघितलं आणि घाबरून विचारलं, "अंकल, यू ओके ऑर नॉट?" काका म्हणाले, "प्रेशर नॉर्मल."

कुणालाही कशी आहेस, कसा आहेस असं ते विचारतच नाहीत. "प्रेशर किती?" बस. मी पीएचडीवाली, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं. "लाल काट्यावर, काका." ते मान हलवतात. "व्हॉल्व्ह उघड थोडा. चहा घे."

आता हे सगळं कशासाठी? एका जहाजासाठी. काकांचं पहिलंवहिलं जहाज. त्याच्या इंजिनावर एक पितळी पाटी होती, बनवणाऱ्या कंपनीच्या नावाची. ड्यूटी संपली की ती पिवळ्या फडक्याने लख्ख पुसायची आणि मगच वर जायचं, असा त्या इंजिनरूमचा नियम. काकांनी एकदाच मोडला. शेवटच्या दिवशी. लग्नासाठी विमान पकडायचं होतं, पाटीवर तेलाचे डाग तसेच ठेवून पळाले. पुढे ते जहाज विकलं गेलं, नाव बदललं, आणि पार तिकडे स्कॉटलंडच्या वर बुडालं.

"माणसं?" मी विचारलं होतं.

"सगळी वाचली. इंजिन राहिलं."

तर आमच्या काकांना समुद्राच्या तळाशी जाऊन ती पाटी पुसायची होती. पाण्याखाली. फडक्याने. हसा, मीही हसले होते! काकांची बायको, ठाण्याला राहणाऱ्या मालतीकाकू, फोनच्या स्पीकरवर होत्या, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घरातली पितळी समई तीस वर्षं मी पुसतेय. तिला कधी फडकं लावलं नाहीत हो." काका फोनकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पॉइंट बरोबर आहे."

चार वर्षं काका दर वर्षी रजा काढून तिकडे गेले. पहिल्या वर्षी आठ दिवस वारा. रोज सकाळी बोटवाला आभाळाकडे बघायचा, म्हणायचा, "टुमॉरो." आठ टुमॉरो खाऊन काका परत. दुसऱ्या वर्षी बोट निघाली, आणि मोठमोठ्या जहाजांवर जन्म काढलेला हा माणूस त्या चिमुकल्या बोटीवर इतका ओकला की पाण्यात उतरायची ताकदच उरली नाही. तिसऱ्या वर्षी एका अनोळखी माणसाने चेन लावून दिली. शेवटचा इंच राहिला. उडी मारली आणि ते गार पाणी मानेवरून थेट आत. त्यांना माशांच्या टोपलीसारखं उचलून वर घेतलं. चौथ्या वर्षी दोरीला धरून तळापर्यंत गेले, पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसेना. चाचपडत काहीतरी टणक लागलं, काका धन्य झाले, प्रेमाने थोपटत बसले. तो सोबतच्या डायव्हरचा सिलिंडर निघाला.

यंदाचं पाचवं. आणि शेवटचं, कारण कंपनीने त्यांचा इथे काम करायचा पास पुढे वाढवायचा नाही असं सांगितलं. पास नाही म्हणजे नोकरी नाही, नोकरी नाही म्हणजे ट्रिप नाही. सिंगापूर सोडून ठाण्याला जायचं.

"बरंय की," मी म्हटलं. "काकू आहेत."

"आहे ना. मी घरी गेलो की पहिले तीन दिवस कौतुक. चौथ्या दिवशी मालती अगदी प्रेमाने विचारते, 'मग, परत कधी?' तिची चूक नाही गं. माझ्याशिवायच संसार करायची सवय लागलीय तिला." मग पाठ फिरवली. "ओढ."

ते गेले त्या आठवड्यात माझा अभ्यास शून्य! तिकडच्या हवामानाचं पान उघडून बसायचे. वारा कमी दाखवला की उड्या. पाचव्या दिवशी मेसेज आला, "उतरतोय. प्रेशर नॉर्मल." मी वीस बदाम पाठवले. नंतर काहीच नाही. दोन दिवस, तीन दिवस, माझ्या मेसेजपुढे नुसती एक करडी टिक.

रविवार उजाडला. आठ वाजले, सव्वाआठ. बेल नाही. भिंतीपलीकडून मात्र कपाटाचे आवाज येत होते, म्हणजे आले होते परत. मी जाऊन बेल वाजवली.

काकांनी दार उघडलं. साधा शर्ट, लुंगी. खोक्यांमध्ये सामान भरत होते. खिडकीबाहेरच्या बांबूवर पिवळं फडकं वाळत होतं.

"काका! मिळाली? पाटी?"

"मिळाली."

मी किंचाळलेच. काका तसेच उभे.

"पाणी स्वच्छ होतं यंदा," ते म्हणाले. "अंग सगळं कोसळलंय जहाजाचं, पण इंजिन उभं आहे. पाटी पण. वरची घाण सुरीने खरवडली, मग फडकं मारलं. पहिली दोन अक्षरं दिसली." एका खोक्याचं झाकण दाबून बसवलं. "आपलं इंजिन नव्हतं ते, ऋता. दुसऱ्याच कंपनीचं. जहाजच दुसरं. तिकडच्या लोकांनी इतकी वर्षं चुकीचं नाव लावलं होतं त्याला, आणि मी गाढव पाच वर्षं जात होतो."

"मग तुमचं कुठेय?"

"असेल तिथेच कुठेतरी. कुणाला माहीत नाही."

"मग काय केलंत?"

"नऊ मिनिटं उरली होती खाली." काका फडकं उलटं करून वाळत घालायला लागले. "पुसली. पूर्ण. अर्धी पुसून ठेवतात का? कुणीतरी रोज पुसत असेल ना गं ती."

मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाले, "दहा वाजता एक मुलगा सूट विकत घ्यायला येतोय. चेन नीट चालते का बघून ठेवू. थांब."

आत गेले आणि सूट घालून आले. पाठ केली. या वेळी "ओढ" म्हणाले नाहीत. मी ओढली. शेवटचा इंच राहिला, पुन्हा ओढली. बनियन दिसेनासं झालं. रबराखाली खांदे हलत होते, थोडे थोडे, आणि काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मी एक थाप मारली आणि हात तिथेच ठेवला.

काका उभे राहिले. मीही. दुसरी थाप मला मारवेना.