इथल्या माणसांना प्रवेश मोफत

शनिवारी सकाळी सहा वाजता उलुलानी डबे घेऊन घराबाहेर आली, तर दारात तिच्या जुन्या ट्रकऐवजी एक लालभडक, बिनछपराची गाडी उभी. गाडीला टेकून तिचा नवरा डेल उभा होता. अंगात जास्वंदीच्या फुलांचा नवाकोरा शर्ट, आणि हातात तसल्याच कापडाचा झगा.

"ही कुणाची गाडी?" उलुलानीने विचारलं.

"आपली. उद्या संध्याकाळपर्यंत."

"आणि हा झगा?"

"तुझा. जोडी आहे." डेलने स्वतःच्या शर्टाकडे बोट दाखवलं. "तू निवृत्त झालीस ना, म्हणून."

उलुलानीला हसावं की रडावं कळेना. माउई बेटावर लाल उघडी गाडी आणि नवरा-बायकोला एकाच ठाणातले कपडे, म्हणजे कपाळावर 'कालच विमानातून उतरलो' असं लिहून फिरण्यासारखं. पण डेल तिच्या तोंडाकडे इतक्या आशेने बघत होता, की ती मुकाट्याने आत जाऊन झगा घालून आली.

वायलुकूच्या शाळेच्या स्वयंपाकघरात अडतीस वर्षं काढून ती आदल्याच आठवड्यात घरी बसली होती. येत्या मंगळवारी गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर सहा महिने समुद्राचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिने ठरवलं होतं, की हानाच्या रस्त्याने जायचं, वाटेतली किनाऱ्यावरची सरकारी उद्यानं एकेक करून बघायची, आणि शेवटी काळ्या वाळूच्या उपसागरात पोहायचं. तिची आई तिथल्याच हाना गावची. लहानपणी तिथल्या पाण्यातून हिला ओढून बाहेर काढावं लागायचं. पुढे नोकरी, मुलं, दुसऱ्यांची मुलं, यात तिकडे जाणं झालं नव्हतं ते सत्तावीस वर्षं.

लाल गाडीची डिकी दोन उशा मावतील एवढीच निघाली. ट्रकसाठी बांधलेलं सामान सोडलं, पुन्हा बांधलं, खुर्च्या घरी गेल्या, मुसुबीचा, म्हणजे भाताच्या वड्यांचा, डबा मांडीवर आला. या उचलाठेवीत उलुलानीची पर्स ओट्यावरच्या भाताच्या कुकरवर राहिली. हे तिला पुढे साडेतीन तास ठाऊक नव्हतं.

पहिलं उद्यान कड्यावरचं. खाली समुद्र फेसाळत होता. उलुलानी कठड्याशी जाऊन उभी राहते न राहते तोच एक उंच गृहस्थ मोबाइल घेऊन शेजारी आला.

"तो दूरवरचा सुळका दिसतो का तुम्हाला? त्याची फार सुंदर दंतकथा आहे," तो म्हणाला, आणि त्याने ती वाचून दाखवली. गावांची नावं त्याने अशी काही उच्चारली, की उलुलानीला दोन गावं ओळखूच आली नाहीत. वाचून झाल्यावर त्याने प्रेमाने विचारलं, "पहिल्यांदाच आलात?"

"पहिल्यांदा आले तेव्हा आईच्या पोटात होते," उलुलानी म्हणाली.

"छान. मग तुमचं इथे जुनं येणं-जाणं आहे म्हणायचं," असं म्हणून तो पुढची दंतकथा शोधायला लागला.

दुसऱ्या थांब्यावर फळांची टपरी होती. टपरीवाली बाई डेलला बघून उठूनच उभी राहिली. "अंकल डेल, तुम्ही बसवलेला नळ अजून टिपूस गळत नाही हो," असं म्हणत तिने दोन पपया त्याच्या हातात कोंबल्या. डेल मूळचा नेब्रास्काचा. नाक अजून उन्हात सोललं जायचं, पण धंदा नळांचा. अर्ध्या बेटाच्या मोऱ्यांखाली तो पालथा पडलेला होता, त्यामुळे त्याला न ओळखणारा माणूस विरळा. मग टपरीवाली उलुलानीकडे वळली. झगा वरपासून खालपर्यंत न्याहाळून तिने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "बा-ना-ना ब्रेड. के-ळ्या-चा. गोड."

"ठाऊक आहे गं बाई. आमच्याकडे दर गुरुवारी करायचे मी," उलुलानी अस्सल इथल्या बोलीत म्हणाली.

"अगंबाई, किती छान शिकलात," टपरीवालीने कौतुक केलं. "अंकल, बहीण का तुमची? तिकडनं आली?"

गाडीत बसल्यावर डेलने तीन वळणं घेतली. चौथ्या वळणावर म्हणाला, "झगा बदलायचाय का?"

"दुसरे कपडे खुर्च्यांबरोबर घरी राहिले," उलुलानी म्हणाली.

साडेनऊला ते काळ्या वाळूच्या उद्यानाच्या फाटकाशी पोचले. तिथल्या खोपटात नोए नावाची विशी-बाविशीची मुलगी हातात टॅब घेऊन उभी होती. पाटी स्पष्ट होती. इथल्या माणसांना प्रवेश मोफत, ओळखपत्र दाखवा. बाकीच्यांनी आरक्षण करून या. डेलने गाडी चालवायचा परवाना दाखवला. नोएने त्यावरचा फोटो पाहिला, डेलचं नाक पाहिलं, आणि मान डोलावली.

"तुम्ही ठीक आहात, अंकल. आणि बाईंचं आरक्षण?"

"आरक्षण कशाला, मी इथलीच आहे," म्हणत उलुलानीने पायाशी हात घातला. मग सीटमागे. मग मुसुबीच्या डब्याखाली. आणि मग तिच्या डोळ्यांसमोर स्वच्छ उभा राहिला तो भाताचा कुकर.

"पर्स घरी राहिली."

"मग आरक्षण लागेल, आंटी. आजचं संपलंय." नोएने टॅबवर बोट फिरवलं. "बुधवारी आहे. सकाळी नऊला."

"मंगळवारी माझा गुडघा कापतायत."

नोएचा चेहरा पडला, पण फाटक काही वर झालं नाही. उलुलानीने आपल्या आजोबांचं नाव सांगितलं, त्यांची होडी कुठे लागायची ते सांगितलं, आजीकडचं आडनाव सांगितलं.

"आंटी, रागावू नका," नोए हळूच म्हणाली. "गेल्या आठवड्यात ॲरिझोनाचा एक माणूस आला होता. त्यानेही आजोबांचं नाव सांगितलं, होडीचंही सांगितलं. सांगताना रडला. मी सोडलं त्याला, आणि त्याच्यामागे त्याची सोळा माणसं आत गेली. साहेबांनी मला उभं करून विचारलं. आता कागदाशिवाय मला कुणालाच सोडता येत नाही."

"अगं, पण ही माझी बायको आहे," डेल म्हणाला. "इथलीच आहे. मी सांगतो ना." नेब्रास्काचे हेल काढून तो हे जितकं ठासून सांगत गेला, तितकी नोए अधिक संशयाने बघायला लागली.

"घरचा एखादा फोटो आहे का? शाळेचा, कामावरचा, काहीही. मी साहेबांना दाखवून बघते."

डेलने उत्साहाने मोबाइल काढला. त्यात फोटो सहाशेच्या वर होते. तुंबलेली मोरी, फुटलेला पाइप, गंजलेली टाकी, दुरुस्तीच्या आधीची मोरी, दुरुस्तीनंतरची मोरी. बराच वेळ बोट फिरवून तो एकदम थांबला.

"ही बघ. पाणी तापवायच्या टाकीमागे. उलु."

उलुलानीने वाकून पाहिलं. "ते माझं कोपर आहे, डेल."

"पण तुझंच आहे ना."

आपल्या लेकीला फोन करून उलुलानीच्या परवान्याचा फोटो मागवावा, तर तिथे रेंज नव्हती. शेवटी डेलने खूप विचार करून एक तोड काढली. "असं करू का? मी आत जाऊन तुझ्यासाठी छान फोटो काढून आणतो. पाण्याचे."

उलुलानीने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

गाडी मागे घ्यावी, तर तेही जमण्यासारखं नव्हतं. रस्ता अरुंद, आणि तोवर मागे अकरा गाड्या आणि प्रवाशांच्या दोन मोठ्या व्हॅन येऊन चिकटल्या होत्या. भोंगे सुरू झाले. मग माणसं उतरून खोपटाशी जमली. कुणाचं आरक्षण दहाचं होतं, कुणाचं कालचं, कुणाचं भलत्याच बेटावरच्या उद्यानाचं. सगळे एकाच वेळी नोएच्या नाकाशी मोबाइल धरत होते. नोएने वायरलेसवर साहेबांना हाक मारली, आणि त्याच क्षणी तिचा टॅब बंद पडला. तिचे डोळे भरून आले.

उलुलानीला आत सोडलं नव्हतं, तिला राग आला होता, गुडघा ठणकत होता. सगळं खरं होतं. पण रोज दुपारी सहाशे पोरांना पन्नास मिनिटांत जेवू घातलेल्या बाईला मोडलेली रांग बघवत नाही. ती गाडीतून उतरली, दाराला धरून ताठ उभी राहिली आणि तिने आवाज लावला.

"ढकलाढकली बंद."

आवाज मोठा नव्हता. पण खोपटापासून शेवटच्या व्हॅनपर्यंत सगळे जागच्या जागी थांबले.

"दोन रांगा. आरक्षणवाले भिंतीकडे, इथले झाडाकडे. ज्यांना काहीच माहीत नाही, ते माझ्यासमोर. तुम्ही निळी टोपी, तुमच्यापुढे ती बाई होती, मी पाहिलंय. मोबाइल आधीच उघडून हातात धरा. पोरीला श्वास घेऊ द्या. नोए, तू कागदावर लिही, यंत्राचं नंतर बघू."

लोक निमूट हलले. सकाळच्या कड्यावरचा तो उंच गृहस्थही त्यात होता. त्याने दंतकथा बंद करून आरक्षण उघडलं. उलुलानी एकेकाला पुढे घेत होती, चुकीच्या दिवशी आलेल्यांना परत वळवत होती. व्हॅनच्या चालकांना तिने गाड्या इतक्या बेताने मागे घ्यायला लावल्या, की पंधरा मिनिटांत रस्ता मोकळा झाला. नोए भराभर लिहीत होती आणि एकदाही चुकत नव्हती.

झाडाकडची रांग संपत आली तेव्हा शेवटी एक धिप्पाड माणूस उरला. अंगात उद्यानाचा गणवेश, टोपी काढून छातीशी धरलेली, नजर खाली.

"ओळखपत्र?" उलुलानीने विचारलं.

"साहेब," नोए चाचरत म्हणाली, "तुम्ही रांगेत का उभे आहात?"

उद्यानाचे साहेब गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले. "मी गाडीतून उतरलो," ते म्हणाले, "हा आवाज ऐकला, आणि पाय आपोआप इकडे वळले." मग त्यांनी मान वर करून त्या फुलाफुलांच्या झग्याकडे, मग त्यावरच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "आंटी उलु? शाळेतली ती केसांवरची जाळी नाही, त्यामुळे ओळखलंच नाही हो."

"रॉयडेन पुनोहू," उलुलानी म्हणाली. "थाळीतले सेलरीच्या भाजीचे दांडे चड्डीच्या खिशात लपवायचास."

"आंटी, मी आता सेहेचाळीस वर्षांचा आहे."

"खातोस का आता?"

"कधीमधी," रॉयडेन म्हणाला, आणि नोएकडे वळला. "काय झालंय?"

"यांच्याकडे ओळखपत्र नाही, साहेब. तुम्हीच सांगितलं होतंत, की कागदाशिवाय..."

"बरोबर केलंस." त्याने टोपी परत डोक्यावर चढवली. "मी पाचवीत असताना माझे वडील सहा महिने घरी बसून होते. तेव्हा रोज माझ्या थाळीत दोन माणसांचं जेवण पडायचं. या बाईंनी एकदाही मला त्याबद्दल विचारलं नाही. वहीत लिही, ओळख पटली. खाली मी सही करतो."

उलुलानीने मान वळवून समुद्राच्या दिशेला पाहिलं. तिला वाटलं होतं, ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"आणि अंकलचा परवाना परत दाखवा," नोए म्हणाली. "वहीत नंबर घालावा लागेल." तिने नंबर उतरवला, आणि पेन थांबलं. "अंकल, हा एप्रिलमध्येच संपलाय."

डेलने परवाना हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "एप्रिलमध्ये एका हॉटेलच्या नळांचं मोठं काम होतं," तो पुटपुटला. "आणि गाडीवाला ओळखीचा, त्यानेही पाहिला नाही."

"म्हणजे हे चालवत आलेत ते विनापरवाना," रॉयडेनने कपाळ चोळलं. "गाडी इथेच लावा. मला संध्याकाळी वायलुकूलाच जायचंय, मी घरी सोडतो. पण आत यांना कसं घ्यायचं?"

"माझ्याबरोबर आहे तो," उलुलानी म्हणाली.

"नातं काय लिहू?" नोएने विचारलं.

उलुलानीने डेलकडे पाहिलं. सोललेलं नाक, जास्वंदीचा शर्ट, दोन्ही हातांत पपया.

"पाहुणा," ती म्हणाली. "आठ दिवसांसाठी आला होता. एक्केचाळीस वर्षं झाली, अजून गेला नाही."

नोएने तसंच लिहिलं, आणि पुन्हा चालू झालेल्या टॅबवर एक रद्द झालेलं आरक्षण शोधून पाहुण्याची चिठ्ठी डेलच्या हातात दिली. वेळ दुपारी एकपर्यंत.

काळ्या वाळूवर उलुलानी डेलच्या खांद्याचा आधार घेऊन उतरली. पाणी कमरेला लागेपर्यंत तिने खांदा धरून ठेवला, मग सोडला. डोंगरातून येणारं थंडगार पाणी तिथे खाऱ्या पाण्यात मिसळतं. त्यात दुखरा गुडघा आधी शहारला आणि मग नाहीसाच झाला. तिचे हात आपापले चालायला लागले. ती पहिल्या खडकापर्यंत गेली, तिथून दुसऱ्या, आणि तिथून लहानपणी आई नको म्हणायची त्या तिसऱ्यालाही शिवून आली. मधल्या सत्तावीस वर्षांत खडक कुठे हलले नव्हते, आणि तिलाही त्यांच्यातली वाट विचारावी लागली नाही. पाठीवर पडून ती आभाळाकडे बघत राहिली. नवाकोरा झगा फुगून तिच्याभोवती सगळीकडे जास्वंद पसरली होती. आता तो तिला बरा वाटायला लागला होता.

पावणेएकला डेल गुडघाभर पाण्यात आला आणि त्याने तोंडाशी हात धरून हाक दिली. "उलु, चल. वेळ संपत आली."

"तुझी," उलुलानी तिकडून म्हणाली. "तू हो पुढे. मी इथली आहे." आणि तिने पुन्हा बुडी मारली.