जगाची हजेरी घेणारे मोतीरामभाऊ

आधी माफी मागते. आमच्या घरात छापायला लिहिणारं कोणी झालं नाही. आई-बाबा सही करतात, तीही सावकाश. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि परीक्षेच्या पेपरापलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. शेजारी राहणाऱ्या जिवंत माणसावर असं लिहावं का, हेसुद्धा मला नीट कळत नाही. पण मोतीरामभाऊंवर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करते.

मोतीरामभाऊ दर रविवारी दुपारी चार वाजता जगाची हजेरी घेतात.

कुरखेड्याच्या रस्त्याला त्यांचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. आठवडाभर तिथे सातबारा, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज चालतात. रविवारी मात्र भाऊ पांढरा शर्ट घालतात, चपला दाराबाहेर काढतात आणि कॉम्प्युटरसमोर खुर्चीवरच मांडी घालून बसतात. मांडीवर लांब रजिस्टर.

"जोसेफभाऊ, केनिया!" भाऊ मोठ्यानं पुकारतात. पडद्यावर जोसेफ यांच्या नावापुढे हिरवा ठिपका असला, की स्वतःच "हजर!" म्हणून खूण करतात. "अनाबाई, पोलंड! ... हजर!"

मध्येच कोणी आधार कार्ड घेऊन येतं. "भाऊ, एक झेरॉक्स मारून द्या ना."

"सभा चालू हाय. बस खाली."

"मले बस पकडाची हाय भाऊ."

"मंग उभ्यानं आयक. पण आयक."

भाऊ बरीच वर्षं आमच्या ग्रामसभेचे सचिव होते. गावाला जंगलाचा हक्क मिळाला, त्याचे सगळे कागद त्यांच्या हातचे. त्यामुळे एकदा नागपूरच्या एका शिबिराला त्यांना बोलावलं होतं. देशोदेशी लोकशाहीसाठी झटणारी माणसं आली होती. शेवटच्या दिवशी सगळे म्हणाले, आपल्या सर्वांची मिळून इंटरनेटवर एक जागा पाहिजे; एकमेकांकडून शिकता येईल, अडचणीत हाक मारता येईल. टाळ्या वाजल्या आणि लोक विमानानं आपापल्या घरी गेले. भाऊ एसटीनं आले. फरक इतकाच, की भाऊंना ते काम आपल्याला सांगितलंय असं वाटलं. व्हिडिओ बघून बघून त्यांनी वेबसाइट उभी केली. नाव ठेवलं 'जगाची ग्रामसभा'.

"जग म्हंजे काय पोरी, एक गावच होय. वस्त्या-टोले जरा दूर दूर हायेत, येवढंच."

त्यामुळे नियमही गावाचेच. आमच्या सभेत हात मोजत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, आज नाही झालं तर परत बसायचं. भाऊंच्या वेबसाइटवरही मत द्यायचं बटण नाही. 'मंजूर' आणि 'बोलायचं आहे' अशी दोनच बटणं. एक जण जरी राहिला तरी ठराव थांबतो. मार्च-एप्रिलात तर पानावर सूचनाच लागते, 'लोक मोहफुलं वेचायला गेले आहेत. सभा बंद.' मला वाटलं, परदेशी लोक हसतील. पण फिलिपिन्सच्या एका भाऊंनी लिहिलं, आमच्याकडे मासेमारीचा हंगाम असतो, तेव्हाही बंद ठेवाल का? भाऊंनी लगेच ठेवली.

भाषांतर मशीन करते. भाऊ सगळ्यांना भाऊ-बाई लिहितात, त्याचं मशीन 'ब्रदर-सिस्टर' करत असावं; जोसेफ यांना बरेच दिवस वाटत होतं की मोतीरामभाऊ धर्मगुरू आहेत. त्यांनी आईच्या आजारपणात प्रार्थना करण्याची विनंती पाठवली. भाऊंनी विहारात जाऊन त्रिसरण म्हटलं आणि कळवलं, 'झालं. आता औषधही वेळेवर द्या.'

मीही सभासद आहे. माझी परीक्षा होती तेव्हा मी दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारी भाऊ आमच्या अंगणात येऊन बसले.

आई म्हणाली, "काऊन जी भाऊ, पोरीनं काही केलं का?"

"नाई वो बाई. सभेत दिसली नाई, तं पाहाले आलो."

आमच्याकडे ही रीतच आहे. सभेला कोणी आलं नाही, तर एकानं उठून त्याच्या घरी जायचं. तो आजारी असेल, रुसला असेल, नाहीतर त्याला कोणी दमदाटी केली असेल. विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. भाऊंचं पालुपदच आहे, "कोनालेच सोडून नाई."

आता नोराबाईंचं सांगते. नाव बदललं आहे आणि देशाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. त्या नागपूरच्या शिबिरात जेवताना भाऊंच्या शेजारी बसायच्या. वेबसाइटवर पहिलं नाव त्यांचं. दर रविवारी हजेरीनंतर त्या विचारायच्या, 'जेवलात का? भाजी काय होती?' भाऊंची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी चिमूरला दिली आहे, ती सणाला येते. भाजी काय होती, हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. भाऊ अगदी तपशिलात लिहायचे. 'वांगे. जरा करपले.'

मग ठराव क्रमांक एक आला. हे व्यासपीठ आता सगळ्या जगासाठी उघडायचं. कलम पहिलं, कोणीही यावं. कलम दुसरं, प्रत्येकानं खरं नाव, गाव आणि फोटो द्यावा. दुसरं कलम भाऊंचं. "आपल्या गावात कोनी तोंड झाकून बोलते का? नाई ना? मंग!" जुन्या सभासदांचे फोटो तर त्यांनी आधीच हौसेनं लावून टाकले होते. सगळ्यांनी मंजूर केलं. फक्त नोराबाईंचं उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी हिरवा ठिपकाही आला नाही.

दोन-तीन रविवार गेले. मग अनाबाईंनी एक बातमी पाठवली, नोराबाईंच्या देशात धरपकड सुरू आहे. कोणाकोणाला पकडलं, ते त्यात नव्हतं.

मी सोमवारी कॉलेजला निघाले तेव्हा केंद्राचं शटर अर्धंच वर होतं. आत भाऊ एकेक करून पानावरचे फोटो काढत होते. बाहेरच्यांना दिसू नयेत म्हणून नावंही झाकली. फोटो लावताना सभेला विचारलं नव्हतं, काढतानाही नाही. रविवारी त्यांनी सगळ्यांपुढे माफी मागितली, 'मी विचारलं नाही. चुकलो.' मला मात्र हळूच म्हणाले, "शीतल, माह्या पानामुळंच तं नाई ना झालं ते?"



बाकीचे सभासद कंटाळू लागले. कोणी लिहिलं, तीन सभा गैरहजर राहणाऱ्याचं नाव काढून टाकू, म्हणजे ठराव पुढे जाईल. याला कारण होतं. नवे लोक येण्यासाठी थांबले होते, काही जुने निघून गेले. पण नाव काढायलाही एकमत लागतं, आणि त्यावर 'बोलायचं आहे' हे बटण दर वेळी भाऊच दाबायचे. बोलायचे मात्र एकच. "तिच्या घरी जाऊन कोनी पाह्यलं का?"

जाणार कोण? भाऊंनी नकाशावर नोराबाईंचं शहर काढून पाहिलं होतं. रोज ते दुसऱ्यांचे अर्ज भरतात, पासपोर्टचा मात्र स्वतःचा भरला. मी विचारलं तर म्हणाले, "असू दे. कामी पडते."

हजेरीत ते नोराबाईंचं नाव पुकारत राहिले. पुकारायचे, थोडं थांबायचे, मग रकाना कोरा सोडून पुढचं नाव घ्यायचे. गैरहजेरीची फुली त्यांनी कधी मारली नाही. सभा संपली की नोराबाईंच्या नावे एक ओळ टाकायचे. 'आज भाजी कोहळ्याची. वांगे महाग झाले.' असं वर्षभराच्या वर चाललं.

या महिन्यात मी परीक्षेचा अर्ज भरायला केंद्रात गेले होते. भाऊ पडद्याकडे बघत उभे होते. म्हणाले, "वाच तं पोरी. मशीनवर माहा भरोसा नाई."

मी इंग्रजीतून अडखळत मराठीत वाचलं. 'मोतीरामभाऊ, मी चौदा महिने तुरुंगात होते. तुमच्या पानामुळे नाही, पत्रकं वाटली म्हणून. परवा सोडलं. तुमच्या सगळ्या भाज्या वाचल्या. ठरावही वाचला. पहिलं कलम मंजूर. दुसरं मला अजिबात मान्य नाही. आमच्याकडे नाव लिहिलेलं सापडलं की माणूस उचलतात. मला बोलायचं आहे.'

भाऊ खुर्चीवर बसले. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, परत काढला.

"नाई म्हनाली," ते म्हणाले. मग बाहेर झेरॉक्ससाठी थांबलेल्या लोकांकडे वळून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "आयकलं का? नोराबाई नाई म्हनून राह्यली!"