पायाशी उभा राहणारा माणूस

दामलेकाका गेले त्या दुपारी मी हॉस्पिटलच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीतच बसून होतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

काका इथे अमेरिकेत, पार्सिपनीत आमच्या वरच्या अपार्टमेंटमध्ये एकटेच राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा निखिल देशाच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला. दिवाणखान्यात त्यांनी म्युझियममधून आणलेलं एका जुन्या युरोपियन चित्राचं पोस्टर फ्रेम करून लावलं होतं. पलंगावर शेवटच्या घटका मोजणारा रोमन सेनापती, भोवती शिपाई, उशाशी तोंड झाकून बसलेली बायको. चहाला आलेल्या प्रत्येकाला काका त्यासमोर उभं करत.

"हा भालेवाला बघ. रडतोय, पण जीव सगळा पार्किंग मीटरमध्ये!"

मग स्वतःच्या शेवटच्या वेळी कोण कुठे उभं राहणार, त्या जागांचं वाटप. माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुम्ही उशाशी. रडू नाही आलं तर पदर घ्या तोंडावर. चित्रकारानं तेच केलंय, लबाड!"

"आणि मी जीन्समध्ये असले तर?" आमची ही.

"टॉवेल देईन," काका गंभीरपणे म्हणाले.

मला पायाशी नेमलं. "तू उंच आहेस. आणि तू पळणार नाहीस."

निखिल सुट्टीत आला की वैतागायचा. "बाबा, सारखं मरणाचं काय? धिस इज सो मॉर्बिड!"

"मॉर्बिड काय? प्लॅनिंग आहे!"

एकोणीसशे शहाऐंशीच्या हिवाळ्यात काकांना हार्ट अटॅक आला. डॉक्टर मला म्हणाले, मुलाला लगेच बोलावून घ्या. ते शब्द माझ्या तोंडून निघेनात. निखिलनं फोनवर विचारलं, "दादा, आजच निघू का?" मी म्हणालो, "घाई नको रे, शनिवारी ये. मी आहे ना इथे."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला गेलो, पण गाडीतून उतरवेना. माझे वडील नागपुरात गेले तेव्हा मी इथेच होतो. माणूस जाताना कसा दिसतो ते मला ठाऊक नव्हतं, आणि बघायचंही नव्हतं. तासभर हीटर लावून बसलो.

वर गेलो तर सगळं संपलेलं. पलंगाभोवती पाच खुर्च्या. नर्स म्हणाली, सकाळी त्यांनीच मागून घेतल्या. कोण येणार आहे विचारलं, तर म्हणाले, "पुष्कळ जण."

शनिवारी निखिल आला. "दादा, यू वर विथ हिम, राइट?"

मी हो म्हणालो.

निखिल आता दोन मुलींचा बाप आहे. दर दिवाळीला फोन करतो, आणि ठेवताना त्या दिवसाबद्दल थँक्यू म्हणतो. डॉक्टरांचा निरोप मी त्याला दिला नाही आणि त्याचे वडील एकटेच गेले, हे दोन्ही त्याला सांगायचं माझ्याकडून राहिलंय.