धाकलूदादाची थाळी

धाकलूदादा चिंच लावून पितळेची थाळी घासायला बसला, की आमच्या आळीत सगळ्यांना कळतं, याचा डोंगर चढायचा दिवस जवळ आला. मे महिन्यात नळाला आधीच करंगळीएवढी धार, त्यातलं निम्मं पाणी या थाळीवर. चिंच, राख, पुन्हा चिंच. मग थाळी उन्हात धरून तो त्यात स्वतःच्या मिशा न्याहाळतो, आणि मिशा नीट दिसल्या नाहीत तर पुन्हा घासायला बसतो.

दादा माझा जव्हारचा शेजारी. खोडाळ्याच्या वाटेवर जीप चालवतो. मी शाळामास्तर, म्हणून मला ‘गुरजी’ म्हणतो. माणूस एरवी सरळ. फक्त खोडाळ्याच्या अलीकडे एक फाटा लागतो, तिथे त्याची मान आपोआप दुसरीकडे वळते आणि जीप सुसाट सुटते. फाट्यावर उतरणाऱ्याने वेळेत ओरडायचं, नाहीतर खोडाळ्याच्या बाजारातून चालत परत यायचं.

फाट्याच्या आत, पाड्यावर, त्याची थोरली बहीण राहते, जानीबाय. भांडण भाच्याच्या लग्नातलं. तिने लग्नाचं आमंत्रण फोनवर दिलं.

“भाड्याची जीप फोनवर बोलावत्यात, गुरजी. मामाला?” हे तो मला अजून दर आठवड्याला विचारतो.

ती बोलवायला येत नाही तोवर त्या वाटेवर पाय ठेवणार नाही, ही त्याची शपथ. भाऊ आपल्या घरी जेवत नाही तोवर त्याच्या दारात जाणार नाही, ही तिची. फोन दोघांनीही वाळीत टाकलेला. एकाच आईची लेकरं, दुसरं काय होणार!

यंदा डोंगरावर त्याने मलाही ओढलं. ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका बसावा. चढ आला की दादा म्हणायचा, “एवढा चढला का पुढं सपाटीच हाये.” ती सपाटी मला शेवटपर्यंत दिसली नाही. करवंदं खात, धापा टाकत, मनात त्याला शिव्या देत मी चढत होतो. त्याच्या पाठीला ती थाळी बांधलेली, आणि तिचा लखलखाट नेमका माझ्या डोळ्यांत. भाकरी आणि सुकटाची चटणी तर आम्ही वाटेतच हातावर घेऊन खाल्ली होती. मग थाळी कशाला, हे विचारण्याइतका दम माझ्यात उरला नव्हता.

माथ्यावर पोचलो तेव्हा दादाने ती सोडली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि उन्हात धरून पलीकडच्या उतारावर हलवू लागला. खाली झाडांत चार-सहा कौलारू घरं होती. जानीबायचा पाडा.

“आयच्या जोडीच्या थाळ्या,” तो म्हणाला. “एक तिच्याकडं, एक माझ्याकडं. म्या इथून चमकवली का ती अंगणातून चमकवती. दरसाल, याच दिशी. तेवढंच.”

मी कपाळावर हात मारून घेतला. जीपने थेट दारात जाता येतं, आणि हा गृहस्थ बहिणीची खुशाली कळावी म्हणून भर उन्हाळ्यात डोंगर चढतो!

खालून काही चमकलं नाही.

दादाने पुन्हा थाळी हलवली. “घासली नसंल,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “पाण्याला गेली असंल.” ऊन कलायला लागलं तरी तो हलवतच होता. मला त्याचा राग आला आणि धास्तीही वाटली. म्हातारी धड असेल ना?

“दादा, चला,” मी पाड्याकडे बोट दाखवलं. “पुढं सपाटीच आहे.”

तो त्या तीव्र उताराकडे बघत राहिला. मग शपथेतली फट त्याला सापडली. “आपली शपथ फाट्याच्या वाटेची. ही तं डोंगराची वाट,” असं पुटपुटत तो घसरत, धावत निघालासुद्धा.

जानीबाय अंगणात बसली होती. अंगणावर नवा मांडव घातलेला, त्याच्या सावलीत. हातात लखलखीत घासलेली थाळी डोंगराकडे धरलेली. ऊन तिच्यापासून हातभर पुढे होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढरा पडदा.

दादा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“कोन रं? बाजूला हो,” ती म्हणाली. “माझा भाऊस यायचा हाये डोंगरावं. तू ऊन अडवतंस.”

दादा मटकन खाली बसला. आपली थाळी त्याने तिच्या हातात दिली. म्हातारीची बोटं कडेवरून फिरली आणि एका पोच्यावर थांबली. लहानपणी तिनेच ही थाळी दादाला फेकून मारली होती, तेव्हाचा तो पोचा. ती बराच वेळ तो चाचपत राहिली.

मग एकदम कडाडली, “मेल्या, यायच्या आधी फोन करता येत नाय? भाकऱ्या तरी टाकल्या असत्या!”

फोनचं नाव निघूनही दादा भडकला नाही. डोळे पुसत त्याने तिथेच मांडी ठोकली आणि म्हणाला, “टाक आता. माला भूक लागलीय.”