आवाजाची नोकरी

आमच्या कॉलनीतले मधुभाऊ पाटील नंदुरबारात राहून मिरची खात नाहीत. ज्या गावाबाहेर हिवाळाभर लाल मिरचीच्या पथाऱ्या वाळत पडलेल्या असतात, जिथे रिक्षावालासुद्धा आधी शिंकतो आणि मग भाडं सांगतो, तिथे हा माणूस वरणात साखर कालवून जेवतो. हंगाम सुरू झाला की नाकातोंडाला ओला पंचा गुंडाळून हिंडतो. नवख्या माणसाला वाटतं, छातीचा आजार असावा. आजार काही नाही. मधुभाऊ घसा सांभाळतात.

दारावर त्यांनी पाटी लावली आहे, 'व्हॉइस ओव्हर आर्टिस्ट'. म्हणजे जाहिरातींना आवाज देणारे. पाटी लागली त्या आठवड्यात दोन बायका कानाच्या तक्रारी घेऊन येऊन गेल्या.

सकाळी दहापर्यंत ते बोलत नाहीत. दूधवाल्याशी बोटांनी व्यवहार. दहानंतर बोलतात ते असं, की समोरचा माणूस मागे वळून भोंगा शोधतो. धानोऱ्याला, त्यांच्या मूळ गावी, एकाच्या घरी ते सांत्वनाला गेले होते. मी सोबत होतो. मधुभाऊंनी खर्जात "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो" म्हटलं आणि ओट्यावरची रडारड एकदम थांबली. लोकांना वाटलं, ग्रामपंचायतीची काही सूचना आहे. फोनवर तर आणखी पंचाईत. "नमस्कार, मी मधुकर पाटील बोलतोय," एवढं ऐकून लोक फोन ठेवून देतात. कंपनीचा रेकॉर्ड केलेला फोन वाटतो. सख्ख्या भावाने दोनदा ठेवला आहे.

या सगळ्यावर मी हसतो, पण जरा जपून हसतो. कारण मी आज ज्या खुर्चीवर बसतो ती त्यांची आहे.

मधुभाऊ आणि मी एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात कारकून होतो. ते कायम, मी हंगामी. दरवर्षी जूनमध्ये मला ठेवायचं की घालवायचं यावर चर्चा व्हायची. तेवढ्यात विसरवाडीच्या एका पंपांच्या दुकानदाराने हौसेने मधुभाऊंच्या आवाजात जाहिरात करून घेतली आणि रिक्षावर लावली. विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकवाले गाडी बाजूला घेऊन ती ऐकत म्हणे. मधुभाऊ दोन रविवार फाट्यावर जाऊन स्वतः ते पाहून आले. तिसऱ्या सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. साहेबांनी विचारलं, पुढे काय करणार. मधुभाऊ म्हणाले, आवाज आहे ना.

त्यांच्या जागेवर मला कायम केलं. मी पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी तीन वेगवेगळ्या टोनमध्ये माझं अभिनंदन केलं आणि कुठला आवडला ते विचारलं. मला तेव्हा मधला आवडला होता. खरं तर मी एकही ऐकला नव्हता. मला फक्त खुर्ची दिसत होती.

पहिली काही वर्षं बरी गेली. साड्यांचा सेल, शिकवणीचे वर्ग, बैलबाजाराची सूचना, हरवलेली म्हैस, जे मिळेल त्याला त्यांनी आवाज दिला. मग एका निवडणुकीत दोन उमेदवारांनी एकमेकांना न सांगता त्यांच्याकडूनच प्रचार रेकॉर्ड करून घेतला. दोन्ही रिक्षा एकाच चौकात समोरासमोर आल्या. मधुभाऊ मधुभाऊंना पाडा म्हणून कळकळीने सांगत होते. चौक हसून लोटपोट झाला, आणि दोन्ही पक्षांनी मधुभाऊंना कायमचं बंद केलं. त्यांच्यामागोमाग दुकानदारही हळूहळू गेले.

गावात काम मिळेना, तेव्हा ते पुण्याला स्टुडिओंच्या पायऱ्या चढू लागले. तिथे एका तरुण माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आवाज फार छान आहे काका, पण बोलण्यात खानदेश येतो.

मधुभाऊ घरी आले आणि खानदेश काढायला बसले.

हे काम त्यांनी ज्या निष्ठेने केलं ती पाहून मला भीती वाटायची. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याला आम्ही डोया म्हणतो, केळ्याला केय. मधुभाऊ गोधड्यांनी भरलेल्या कपाटात तोंड घालून तास तास "काळा कावळा, पिवळा फळा" म्हणायचे. आणि घरात त्यांनी अहिराणी बंद केली. कानावर पडली की जिभेवर येते, असं त्यांचं म्हणणं.

पण घरात दुसरं कुणी बोलणारं होतं तर त्या एकट्या शोभावहिनी. तापीकाठच्या खेड्यातली बाई, तिला अहिराणीवाचून दुसरी भाषा कशाला लागली होती? त्यांनी आतून "भाजी व्हई गयी" म्हटलं की मधुभाऊ बाहेरून म्हणत, "भाजी झाली आहे." "पानी ऊना" म्हटलं की, "पाणी आलं आहे." प्रत्येक वाक्याची अशी दुरुस्ती. वहिनी आधी हसायच्या, मग चिडायच्या, मग दोन्ही बंद झालं. ताट वाढून पुढे सरकवायचं, चहा ठेवायचा. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. तिकडून भांड्यांचा आवाज यायचा आणि 'काळा कावळा' यायचा. माणसांचं बोलणं येत नव्हतं. असं पाच-सहा वर्षं चाललं.

धानोऱ्याला त्यांची आई आहे, जिजी. एकदा ती माझ्यापाशी म्हणाली, "मन्हा आंडोर बोलस तं माले वाटस, तहसीलमाईन कोनी ऊना." आंडोर म्हणजे मुलगा. स्वतःचा मुलगा बोलायला लागला की तिला सरकारी माणूस आल्यासारखं वाटायचं.

खानदेश पूर्ण निघाल्यावर मधुभाऊ पुन्हा पुण्याला गेले. या वेळी तिथे दुसराच मुलगा होता. तो म्हणाला, काका, फारच शुद्ध वाटतंय, हल्ली साधं, नैसर्गिक मागतात. परत येतात तो इथल्या साडीवाल्याने मजकूर टाइप करून कॉम्प्युटरकडूनच जाहिरात बोलवून घेतली होती. मधुभाऊंनी ती दुकानासमोर उभं राहून पूर्ण ऐकली आणि मला येऊन सांगितलं, की त्याचा 'ळ' स्वच्छ आहे.

नंतर आली ती खरी संधी. नाशिकची एक संस्था शेतकऱ्यांसाठी फोनवरची सल्लासेवा सुरू करणार होती. नंबर लावायचा आणि पिकाबद्दल ऐकायचं, तेही अहिराणीतून. दर आठवड्याला नवं रेकॉर्डिंग, दोन वर्षांचा करार. त्यांनी आमच्या संस्थेची खोली मागितली होती, म्हणून कागद माझ्या टेबलावर आला. मी त्याच दुपारी मधुभाऊंकडे गेलो. मनात म्हटलं, खुर्चीची फेड होईल.

ते आठ दिवस मधुभाऊ दुपारी बारापर्यंत बोलले नाहीत. नवव्या दिवशी नाशिकच्या संस्थेच्या बाई आणि त्यांचा रेकॉर्डिंगवाला घरी आले. बाई वयाने तिशीच्या, बोलायला गोड. मधुभाऊंनी कागद हातात घेतला आणि सुरुवात केली. अहिराणीच होती. शब्द सगळे बरोबर होते. पण ती अशी निघाली, जशी कुणी परदेशी पाहुण्याने सत्काराला उत्तर म्हणून पाठ केली असावी. बाईंनी पुन्हा घ्यायला सांगितलं. चौथ्या वेळीही तेच. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सर, ही अहिराणी आहे. पण घरात कुणी बोलत असेल अशी नाही वाटत."



त्याच वेळी मागच्या दाराशी भाजीवाला आला. आतून वहिनींचा आवाज आला, "कालनी मेथी पानी मारीसन लयना का रे भाऊ? मी काय आंधयी शे का?" आणि मग पालकाच्या जुडीवरून, त्याच्या पोरीच्या लग्नावरून, पावसावरून बोलणं वाहत सुटलं. बाईंनी रेकॉर्डिंगवाल्याला बोटाने खूण केली. मशीन चालूच होतं.

या कोण, बाईंनी विचारलं.

मधुभाऊ म्हणाले, माझी पत्नी, तिला यातलं काही कळत नाही.

वहिनींना बाहेर बोलावलं तर त्या पदराला हात पुसत दारातच उभ्या राहिल्या. नाही म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. नवऱ्याकडे पाहिलं नाही, पण त्या कुणामुळे नाही म्हणत होत्या ते खोलीत सगळ्यांना कळत होतं. मधुभाऊ बराच वेळ कागदाची घडी घालत, उलगडत बसले. मग उठले, कानांवरचा हेडफोन काढला आणि स्वतःच्या हाताने वहिनींच्या डोक्यावर बसवला. केस अडकले होते ते सोडवले. म्हणाले, "माईकपासून एक वीत लांब बस. आणि मी आजवर सांगितलं तसं बोलू नकोस."

काम वहिनींना लागलं. आता आठवड्यातून दोनदा त्या रिक्षाने रेकॉर्डिंगला जातात. बाजारात बायका त्यांना आवाजावरून ओळखतात. मधुभाऊंच्या दारावर पाटी अजून आहे. लोक आता ती वाचून वहिनींची चौकशी करतात, आणि मधुभाऊ शुद्ध मराठीत सांगतात की त्या कामावर गेल्या आहेत. घरात मात्र फार फरक पडला नाही. इतक्या वर्षांची सवय कराराने थोडीच मोडते? वहिनी ताट वाढतात, पुढे सरकवतात. भिंतीपलीकडून आता 'काळा कावळा'ही येत नाही.

गेल्या महिन्यात मी माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला दुपारी त्यांच्याकडे गेलो. वहिनी रेकॉर्डिंगला गेल्या होत्या. दार उघडं होतं. मधुभाऊ पाटावर बसले होते, समोर झाकलेलं ताट, शेजारी स्पीकरवर लावलेला फोन. फोनमधून वहिनी कपाशीबद्दल सांगत होत्या. पानं लाल पडी ऱ्हायनात तं घाबरू नको भाऊ, आधी पान उलटं करीसन दख. मधुभाऊंची स्वतःची कपाशी नाही. त्यांनी मला पाहिलं, पण फोन बंद केला नाही. हात वर करून थांबायला सांगितलं, देवळात आरती चालू असताना सांगतात तसं.

वहिनींचं सांगून झालं. परत ऐकनं व्हई तं एक दाबा, असं फोन म्हणाला. मधुभाऊंनी एक दाबलं.

मी पत्रिका खिडकीत ठेवली आणि चपला घालू लागलो. पाठीमागे वहिनी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. "राम राम भाऊ. जेवनात का?"

"आजून नही," मधुभाऊ म्हणाले. "तू ये, मंग जेवसूत."