सिग्नेचे पंधरा रकाने

"संध्याकाळच्या जेवणाआधी पंधराच्या पंधरा रकाने भरून दाखवते!" रविवारी चर्चमधून परतल्या परतल्या सिग्ने हेगडालनं जाहीर केलं.

मेडिकल कॉलेजच्या अर्जात 'आजवर काय काय केलंत, कोणते मानसन्मान मिळाले' यासाठी पंधरा रकाने असतात, आणि प्रत्येकापुढे खात्री देणाऱ्या माणसाचा फोन नंबर लागतो. सिग्नेचा हा तिसरा अर्ज. आधीच्या दोन्ही वेळा नकार आला होता. पोरगी डॉक्टर होण्यासाठी इतकी झुरत होती, की दवाखान्यात कुणी पांढरा कोट खुर्चीवर टाकून गेलं तरी तिची नजर त्यावरून हलत नसे.

जेवणाची वेळ झाली तेव्हा रकाने भरले होते चार! आणि तेही कसे? 'चर्चमध्ये थोडी मदत केली.' 'ऑर्विल स्टेनस्रुड यांना गाडीतून नेलं.' आपला मोठेपणा आपण सांगायचा म्हणजे आमच्या मिनेसोटात जिवावर येतं. इथं पहिला नंबर आलेला माणूस 'बाकीचे आजारी होते' म्हणतो. एखादा स्वर्गात जाऊन आला तरी 'वाईट नव्हतं' एवढंच सांगेल.

तिची मावसबहीण टेस्सा शिकागोहून सुट्टीला आली होती. जाहिरातीच्या धंद्यातली बाई! तिनं अर्ज वाचून कपाळावर हात मारला.

"अगं, हा अर्ज आहे की कबुलीजबाब? सरक बाजूला!"

टेस्साची बोटं चालू लागली. अंत्यविधीनंतरच्या जेवणासाठी सोललेल्या बटाट्यांचं 'शोकग्रस्त कुटुंबांसाठी पोषण मोहिमेचं नेतृत्व' झालं. जिल्ह्याच्या जत्रेत वासराला मिळालेलं बक्षीस सिग्नेच्या नावावर चढलं. आणि गेली चार वर्षं दर गुरुवारी शेजारच्या ऑर्विलआजोबांना डायलिसिसला नेणारी सिग्ने 'ग्रामीण मूत्रपिंड रुग्ण वाहतूक प्रकल्पाची संस्थापक संचालक' झाली!

"टेस्सा, अगं हे खोटं आहे!"

"खोटं कुठाय? गाडी तुझी, पेट्रोल तुझं. मग संचालक कोण, गाडी?"

तिसरा नकार सोसायचं बळ सिग्नेकडे नव्हतं. डोळे मिटून तिनं अर्ज पाठवला.

शरद ऋतूत चर्चच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा आर्डिसकाकूंनी तिला गाठलं.

"सिग्ने, तुझ्या कॉलेजचा फोन होता गं! कसल्या मोहिमेचं विचारत होते. मी म्हटलं, मोहीम नाही हो, बटाटे! बरी सोलते. साली जरा जाड निघतात."

काकूंना आपण पोरीचं भलं केल्याचा कोण आनंद! सिग्ने तशीच ऑर्विलआजोबांकडे धावली.

"मलाही आला फोन," आजोबा म्हणाले. "प्रकल्पात रुग्ण किती म्हणे. म्हटलं, एक. तोही कुरकुऱ्या."

"आणि मी कशी आहे, ते विचारलं?"

"विचारलं ना. म्हटलं, वाईट नाही."

आमच्याकडे हे म्हणजे सुवर्णपदक! पण कॉलेजातल्या परगावच्या बाईनं तेच शब्द जसेच्या तसे टिपून घेतले. दोन दिवसांत पत्र आलं. अर्जातला मजकूर आणि साक्षीदार यांचा मेळ बसत नाही, आठवड्यात खुलासा करा!

"आजोबा, एकदाच त्यांना फोन करा आणि माझ्याबद्दल तोंड भरून बोला!" सिग्नेचा आवाज चिरकला. "चार वर्षं झाली. मलासुद्धा एकदा ऐकायचंय हो!"

हे शेवटचं वाक्य कुठून आलं ते तिलाही कळलं नाही. पण ते खरं होतं. अर्ज राहू दे, कुणीतरी एकदा तिला सरळ 'चांगली' म्हणावं, यासाठी तिचा जीव तुटत होता.

आजोबांनी सराव केला. "मुलगी... उत्... उत्त..." 'उत्तम' काही बाहेर पडेना. त्यांनी पाणी मागितलं, डायलिसिसमुळे तेही बिचाऱ्यांना मोजूनच मिळायचं. अखेर त्यांनी फोन लावला.

"स्टेनस्रुड बोलतोय. प्रकल्पबिकल्प काही नाही, ते शिकागोच्या पोरीचे उद्योग! सिग्ने दर गुरुवारी येते, साठ मैल नेते. मला सुईची भीती वाटते म्हणून चार तास शेजारी बसते. हे कुणाला सांगू नका. एकदा बर्फात, वाटेतच मला भोवळ आली. पोरीनं गाडी थांबवली, माझे पाय उचलून धरले, मदत बोलावली. रडत होती, पण हात थरथरला नाही."

सिग्ने खुर्ची फोनजवळ ओढून बसली.

"म्हणून सांगतो," आजोबा गरजले, "तिला घेऊ नका!"

"आजोबा!"

"का म्हणजे?" ते फोनमधल्या बाईवर खेकसले. "डायलिसिसच्या बाकीच्या दोन दिवशी व्हॅन येते. व्हॅनवाला मला दारात उतरवून निघून जातो. मी आठवडाभर त्या गुरुवारची वाट बघतो, बाई! तुमच्याकडे अशा पोरी ढीगभर येत असतील. माझ्याकडे एकच आहे. तिचं नाव काढून टाका!"

त्यांनी फोन आपटला. "सांगितलं. झालं समाधान?"

सिग्ने हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. चार वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते मिळाले, आणि नेमके तिच्या अर्जाच्या मुळावर आले! त्या रात्री तिनं खुलासा लिहिला. पंधरा रकान्यांचे खरे सहाच उरले, तिचे चार आणि आजोबांनी फोनवर सांगितलेले दोन. वासराचं बक्षीस वासराला परत गेलं.

जानेवारीत मुलाखतीचं बोलावणं आलं. खाली कुणीतरी हातानं लिहिलं होतं, 'श्री. स्टेनस्रुड यांना आमचा नमस्कार सांगा.'

आजोबांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मग नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.

"काय माणसं आहेत!" ते पुटपुटले. "इतकं स्पष्ट सांगितलं होतं, घेऊ नका म्हणून!"